आधी भिंत, मग चित्र

आमच्या दक्षिण कोकणात चित्रकाराचे वर्ष आषाढात सुरू होते. गणपतीच्या शाळेत पहिला पाट येतो, तिथले मूर्तिकार अण्णा तो उलटा करून खाली लिहिलेले घराचे नाव वाचतात आणि भिंतीला टेकवून ठेवतात. त्यानंतर पाटांची रांग वाढतच जाते. शाळा म्हणजे मूर्ती घडवण्याची जागा, मग ती कुणाची पडवी असो, मांगर असो किंवा देवळाजवळची रिकामी खोली असो. प्रत्येक घराचा पाट ठरलेला असतो. काही पाट फणसाच्या लाकडाचे, कडा झिजलेले, पणजोबांच्या वेळचे आहेत. त्यावर विडा आणि नारळ ठेवून तो शाळेत पोचवायचा आणि चतुर्थीला त्याच पाटावर बसलेला गणपती घरी न्यायचा, हा क्रम मोडल्याचे मला आठवत नाही. पाटाच्या मापावरून मूर्तीची बैठक ठरते आणि बैठकीवरून उंची. म्हणजे मातीचा पहिला गोळा हातात घेण्यापूर्वीच निम्मे निर्णय त्या लाकडाने घेतलेले असतात.

मी चित्रकार आहे आणि अशाच कामांवर माझे घर चालते. आषाढ-श्रावणात शाळेतले रंगकाम आणि डोळ्यांची आखणी, श्रावण सरत आला की घरोघरच्या गणपतीमागच्या भिंती, दिवाळीनंतर जत्रांच्या हंगामात दशावतारी नाटकमंडळींचे पडदे आणि फलक, उन्हाळ्यात अंगणवाडीच्या भिंती, दुकानांच्या पाट्या, होड्यांवरची नावे. या सगळ्यातून जो वेळ उरतो त्यात मी जलरंगात माझी स्वतःची चित्रे करते. प्रदर्शनात ती चित्रे पाहणारे लोक समुद्राविषयी बोलतात. कोकणात राहणाऱ्या माणसाला चित्रासाठी आणखी काय हवे, असा त्यांचा प्रेमळ समज असतो. समुद्र मलाही प्रिय आहे, पण माझ्या चित्रांचा उगम तिथे नाही. माझ्या चित्रांतला रंग, त्यांतली रेषा आणि त्यांचे विषयसुद्धा मला पोटाच्या कामाने दिले आहेत, आणि ते कसे दिले हे एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आखणीपासून सुरुवात करते. मूर्ती वाळली, तडे बुजवून झाले, पांढरा हात देऊन झाला, अंगाचा रंग, पीतांबर, शेला, दागिने असे सगळे संपले की शेवटी डोळे. शाळेत हे काम सर्वांत उशिरा, बहुतेक रात्री चालते, कारण दिवसा माणसांची ये-जा असते आणि बोलता बोलता डोळे काढता येत नाहीत. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवायची, म्हणजे हाताला आधार मिळतो. शून्य नंबरच्या ब्रशाला रंग इतकाच घ्यायचा की टोकाशी थेंब धरणार नाही. श्वास सोडून झाल्यावर आणि पुढचा घेण्याआधी जो निवांतपणा असतो त्यात वरच्या पापणीची रेषा एका दमात ओढायची. मध्ये थांबले तर जोड दिसतो आणि डोळ्याच्या रेषेतला जोड लपवता येत नाही. नंतर बुबुळ, त्यात काळी बाहुली, कोपऱ्यांत अगदी पुसट तांबूस छटा आणि सगळ्यात शेवटी पांढऱ्याचा एक कण. तो कण ठेवेपर्यंत समोर माती असते. तो ठेवल्यावर अण्णा शाळेतल्या मुलांना मोठ्याने बोलू देत नाहीत.

बुबुळ कुठे ठेवायचे हे मला अण्णांनीच शिकवले. मूर्ती शाळेत आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असते, पण घरी ती चौरंगावर बसते आणि माणसे तिच्यासमोर जमिनीवर बसतात. म्हणून बुबुळ किंचित खाली उतरवायचे, म्हणजे आरतीला खाली बसलेल्या म्हाताऱ्या माणसालाही गणपती आपल्याकडे पाहतो असे वाटते. घाईने काम उरकू पाहणाऱ्या मुलांना ते सांगतात, "डोळे उघडूची घाई करू नको. आधी खाली बसान बघ." मग तो मुलगा खरोखरच जमिनीवर बसून मूर्तीकडे पाहतो आणि मगच ब्रश उचलतो. माझ्या चित्रांत क्षितिज बहुधा वर असते आणि पाहणारा खाली कुठेतरी बसला आहे असे वाटते, हे एका जाणकार मित्राने दाखवून दिले, तेव्हा ही सवय कुठून आली ते मला लगेच समजले. वर्षानुवर्षे मी प्रत्येक चेहरा खाली बसलेल्या माणसाच्या नजरेने तपासत आले आहे.

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करण्याविषयी आपल्याकडे उगाचच हलके बोलले जाते. सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, पाहिल्या की हा गैरसमज दूर व्हावा. दशावतारी गंजिफेच्या जोडात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे 120 गोल पत्ते असतात. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा असे दहा पत्ते. राजा आणि प्रधान रंगवताना हौस भागते, पण खरे कसब त्या दहा पत्त्यांत आहे, कारण तळहाताएवढ्या गोलात तीच खूण कधी तीनदा, कधी सात वेळा, कधी दहादा अशी मांडायची असते की गर्दी होऊ नये आणि जागाही रिकामी वाटू नये. सावंतवाडीच्या राजवाड्यात ही कला टिकवण्यासाठी राजघराण्याने कारागिरांना जागा आणि काम दिले. तिथल्या दरबार सभागृहात बसून पत्ते रंगवणारे हात मी तासन्‌तास पाहिले आहेत. नऊ खुणांचा पत्ता रंगवणारा हात कधीच अडखळत नाही. जागा कशी वाटून द्यायची हे डोक्याला कळण्याआधी हाताला कळलेले असते, आणि हे कळणे फक्त आवृत्तीतून येते.

आता भिंतीविषयी. सिंधुदुर्गाबाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल की आमच्याकडे गणपती ज्या भिंतीपुढे बसतो ती भिंत दरवर्षी नव्याने रंगवून घेण्याची पद्धत आहे. वर माटवी, म्हणजे लाकडी चौकट, बांधतात, तिला नारळ, सुपारीची शिपटी, कवंडाळ, हरणाची फुले, शेरवडे, आंब्याचे टाळ लटकवतात, आणि त्या माटवीखाली, मूर्तीच्या मागे, रंगवलेली भिंत असते. पूर्वी घरातलेच कुणी चित्रे काढत, मग गावातल्या पेंटरला बोलावण्याची रीत पडली. मोर, कमळे, राधाकृष्ण, हिमालयातून वाहणारी गंगा, हंसांची जोडी असे विषय ठरून गेले, आणि सुरुवातीची काही वर्षे मीही तेच रंगवत होते.

मालवणच्या वाटेवर एका वाडीत एक काकी आहेत. त्यांचे घर चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, आहे, मागे व्हाळ (ओढा) आहे आणि पावसात त्या घराच्या भिंतीत ओल चढते. चिरा सच्छिद्र असतो; जमिनीतले पाणी तो हळूहळू वर ओढून घेतो, आणि ते पाणी भिंतीतून बाहेर पडताना सोबत आणलेला क्षार पृष्ठभागावर सोडून जाते. त्यालाच आपण लोणा म्हणतो. तयार डब्यातला डिस्टेंपर किंवा प्लास्टिक पेंट या भिंतीवर लावला की त्याखाली पाणी कोंडते, रंग फुगतो आणि पापुद्रे सुटतात. त्या वर्षी मी मापे घ्यायला गेले तेव्हा काकी भिंतीला हात लावून उभ्या होत्या. म्हणाल्या, "गो बाय, औंदा मोर नको हां. भिंतीर पाणी येता, मोराचो पिसारो फुगता. तू असा कायतरी काढ, जा पाणी लागला तरी बरा दिसात." मी विचारले, "काकी, मग काय काढू?" त्यांनी मागच्या दाराकडे बोट दाखवले. "आमचो व्हाळ काढ. तेका पाणी लागला तर काय जाता?"

एवढ्या नेमक्या शब्दांत मला काम सांगणारे दुसरे कुणी भेटलेले नाही. त्यात विषय होता, अडचण होती आणि अडचणीतून बाहेर पडण्याची वाटही होती. डब्यातला रंग त्या भिंतीवर टिकणार नव्हता हे उघड होते, म्हणून मी अण्णांकडे गेले आणि त्यांनी चुन्याचा रस्ता दाखवला. या किनाऱ्यावर पूर्वी शिंपले जाळून चुना करत आणि घरे त्याच चुन्याने रंगवत. चुन्याचा थर श्वास घेतो, म्हणजे भिंतीतली ओल त्यातून निघून जाऊ शकते. विझवलेला चुना भिंतीवर लागला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि पुन्हा दगड होऊ लागतो. तो ओला असतानाच त्यावर रंग दिला तर रंगाचे कण त्या नव्या दगडात अडकून राहतात. त्याला चिकटवायला डिंक लागत नाही की रसायन लागत नाही.

पण चुना सगळेच रंग सामावून घेत नाही, आणि माझ्यासाठी खरा धडा इथे होता. चुना तीव्र अल्कधर्मी असतो. प्रशियन निळा, जो जलरंगात मी सढळ हाताने वापरत असे, चुन्यात टिकत नाही, त्याचा निळेपणा मरतो. अल्ट्रामरीन मात्र टिकतो. मातीचे रंग टिकतात: तांबडा गेरू, पिवळी पिवडी. काजळीचा काळा टिकतो. पांढरा चुन्याचाच. म्हणजे हाती उरले पाच रंग, आणि या पाचांत मला हिरवागार श्रावण, वाहते पाणी आणि पाण्याकाठचे जांभ्याचे धोंडे रंगवायचे होते. हिरवा बनवायला पिवडीत अल्ट्रामरीन मिसळला तर बाजारी हिरव्यासारखा चकचकीत रंग येत नाही, मळकट, शेवाळी, थोडा करडा हिरवा येतो. भिंतीवर तो चढल्यावर मी दाराशी जाऊन बाहेरच्या व्हाळाकडे पाहिले, आणि ढगांखालच्या उजेडात झाडांचा रंग अगदी तोच होता. डब्यातल्या हिरव्याने मी इतकी वर्षे आमचा पाऊस रंगवत होते, आणि तो हिरवा आमच्या पावसात कुठे नव्हताच.

गेरू आणि पिवडी या दोन रंगांविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण ते आमच्या पायाखालचे आहेत. गेरूचा तांबडेपणा हेमटाइट या लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो, पिवडीचा पिवळेपणा पाणी धरून ठेवणाऱ्या लोहाच्या ऑक्साइडमुळे. पिवडी तव्यावर चांगली तापवली तर तिच्यातले पाणी निघून जाते आणि ती तांबडी होते. मुलांच्या कार्यशाळेत मी हे नेहमी करून दाखवते, आणि पूड रंग बदलू लागते तेव्हा मुले चुलीपासून हलत नाहीत. जांभ्याचा दगड हा याच लोहाच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला असतो. खाणीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो, हवा लागली की तो कठीण होत जातो. म्हणून जांभ्याचे घर रंगवायचे तर रंग दुसरीकडून आणावाच लागत नाही. आपल्या पूर्वजांना हे माहीत होते. गोव्यात, कारवारकडे आणि आमच्या बाजूच्या काही जुन्या वास्तूंवर कावेचे काम दिसते. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबडी माती मिसळलेल्या चुन्याचा पातळ थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करायचा. वेल, कमळ, हत्ती, द्वारपाल सगळे त्या दोनच रंगांत. पावसाने भिजणाऱ्या भिंतीवर ते काम पिढ्यान्‌पिढ्या राहिले, कारण भिंत, रंग आणि तंत्र या तिन्ही गोष्टी एकाच मातीतून आल्या होत्या.

काकींच्या भिंतीनंतर मी माझ्या जलरंगाच्या पेटीतून बरेच रंग काढून टाकले. आता तिच्यात अल्ट्रामरीन, पिवडीच्या जातीचा यलो ऑकर, गेरूच्या जातीचे लाइट रेड आणि बर्न्ट सिएना, आणि एक काळा एवढेच असतात. अल्ट्रामरीनचे कण जाड असतात, ते ओल्या कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात, आणि त्यात बर्न्ट सिएना मिसळला की वाळल्यावर कागदावर रवाळ, भोके पडल्यासारखा पोत येतो. भिजलेल्या चिऱ्याचा पोत दाखवण्यासाठी मला याहून वेगळी युक्ती करावी लागत नाही. हा कोकण मी रंगवते असे म्हणण्यापेक्षा त्याच्याच द्रव्याने त्याला कागदावर उतरवते असे म्हणावे लागेल.

कोकणातल्या पावसात जलरंग करणे ही वेगळीच साधना आहे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मे महिन्यात ब्रश पुढे सरकण्याआधी मागची कड वाळून कडक होते. श्रावणात पहिला हात कितीतरी वेळ ओला राहतो आणि त्यावर घाईने दुसरा दिला तर खालचा उखडून वर येतो. पेटीतल्या रंगांमध्ये डिंक असतो, तो हवेतली ओल धरतो, त्यावर बुरशी येते. लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब टाकला तर ती आटोक्यात राहते. कागद सुती आणि जाड, निदान 300 जीएसएमचा लागतो, आणि तोही प्लास्टिकच्या बंद डब्यात ठेवावा लागतो. या सगळ्या अडचणींमुळे पावसाळ्यात माझी चित्रे फार सावकाश होतात. एक हात द्यायचा, मग शाळेत जायचे, तिथे शेले रंगवायचे, संध्याकाळी परत आल्यावर दुसरा हात. मधल्या वेळात चित्र माझ्या नजरेआड असते आणि मी दुसऱ्याच कामात गुंतलेली असते, म्हणून परत आल्यावर ते मला ताज्या नजरेने दिसते. पूर्ण दिवस मोकळा मिळाला असता तर मी तो हात घाईने दिला असता याविषयी मला शंका नाही.

माझ्याजवळ एक लांबट वही असते. डाव्या पानावर हिशोब: कुणाच्या भिंतीचे माप किती, किती चुना लागेल, कुणाचे आगाऊ पैसे आले, कुणाचे चतुर्थीनंतर येणार. उजव्या पानावर त्या घरात जे दिसले त्याची रेखाटने. माप घेताना टेपचे दुसरे टोक धरायला आलेल्या सुनेचा हात, माळ्यावरून काढलेल्या समया, खळ्यात पावसाने उलटी पडलेली टोपली, पडवीत वाळत घातलेले कपडे आणि त्यांमधून येणारा धुरकट उजेड. भिंत रंगवायला आले नसते तर या घरांच्या आतल्या खोलीपर्यंत मला कुणी नेले नसते. कामाने आलेल्या माणसासाठी घरातले लोक सावरून बसत नाहीत, आपापली कामे करत राहतात, आणि म्हणून ते जसे आहेत तसे दिसतात. माझ्या "माजघर" या चित्रमालेतले प्रत्येक चित्र या वहीच्या उजव्या पानावरून आलेले आहे.

द्रव्य आणि गरज मिळून चित्राला कसा आकार देतात, याचे सर्वांत जुने उदाहरण आमच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, आहे. रत्नागिरी जिल्ह्यातली कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे आणि आमच्या मालवण तालुक्यातले कुडोपी, अशा ठिकाणी जांभ्याच्या उघड्या सड्यावर कातळशिल्पे कोरलेली आहेत. 2022 साली त्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे. जमिनीवर उभे राहून तो एका नजरेत मावत नाही. ज्यांनी तो कोरला त्यांनाही तो पूर्ण दिसला नसेल, तरी त्याचे प्रमाण ढळलेले नाही. कुडोपीच्या सड्यावर मी पहिल्या पावसानंतर जाते, कारण कोरीव खाचांत पाणी साठले की आकाश त्या रेषांत उतरते आणि कोरडेपणी पुसट वाटणारी आकृती स्पष्ट होते. त्या दगडावर बारकावे शक्यच नव्हते, म्हणून रेषा इतकी ठाम झाली.

पिंगुळीची चित्रकथी पाहतानाही मला हेच जाणवते. कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर समाजाने जपलेल्या या पोथ्यांतली चित्रे भिंतीवर टांगण्यासाठी काढलेली नव्हती. रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगताना एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरायचे, म्हणजे ते कामाचे साधन होते. समोर बसलेली माणसे दूर, उजेड दिव्याचा. म्हणून चेहरे बाजूने काढलेले, डोळे मोठे आणि बाह्यरेषा अशी की शेवटच्या ओळीतल्या माणसालाही रावण कोण आणि हनुमान कोण हे ओळखू यावे. ही कला सांभाळणारे परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या भागात झालेला आनंद मी विसरणार नाही. आज ही चित्रे चौकटीत बसवून विकली जातात आणि कलाकारांना त्याचे पैसे मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु त्यांचे सामर्थ्य त्या हातात धरून दाखवण्याच्या गरजेतून आले आहे, हे पाहणाऱ्याने लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

आणि भिंतीविषयी लिहिताना सासवण्याची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म 1891 साली अलिबागजवळच्या सासवणे गावी झाला. गणपतीच्या मूर्ती त्यांच्या घरातच घडत. गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र त्या वेळचे जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांच्या पाहण्यात आले आणि त्यांच्या प्रोत्साहनाने हा मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोचला. पुढे 1928 साली पुण्यात उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनीच घडवला. मोठी स्मारके करणाऱ्या या माणसाने उत्तरायुष्यात सासवण्याला गावातल्या, घरातल्या साध्या माणसांची शिल्पे केली, आणि त्यांच्या घरातले संग्रहालय आजही पाहता येते. तिथली माणसे काम करता करता क्षणभर थांबलेली वाटतात. ज्याचे बालपण मूर्तींच्या मातीत गेले त्यालाच माणसाचा असा सहजपणा पकडता येतो, असा माझा विश्वास आहे.

जत्रांच्या दिवसांविषयी थोडक्यात सांगते. दशावतारी मंडळींचा पडदा किंवा फलक पोचवायला गेले की मी रंगपटात बसून राहते. हे कलावंत आपापला चेहरा आपणच रंगवतात. हातात लहान आरसा, मांडीवर पेटी, आणि दहा मिनिटांपूर्वी आंब्याच्या भावाविषयी बोलणारा माणूस पाहता पाहता राजा होतो. लिहिलेली संहिता नसते, रंगमंचावर एक बाक एवढीच सजावट, आणि पहाटेपर्यंत संवाद तोंडाने रचले जातात. त्यांच्या भुवयांची रेषा मी नीट न्याहाळते. ती आमच्या आखणीतल्या रेषेसारखीच, थांबून चालत नाही अशी असते.

सध्या भिंतींविषयी मला एक काळजी लागून राहिली आहे. छापील फ्लेक्स स्वस्त पडतो, एका तासात टांगता येतो, आणि चतुर्थीला जेमतेम सुट्टी काढून मुंबईहून येणाऱ्या घरांना तो सोयीचा वाटतो. त्यांची अडचण मला समजते. पण रंगवलेली भिंत बंद झाली की तिच्याखालच्या जुन्या भिंतीही जातात, कारण दरवर्षीचे चित्र मागच्या चित्रावरच दिलेले असते आणि घराची डागडुजी करताना गवंडी हे सगळे थर एकदम खरवडून काढतो. गेल्या उन्हाळ्यात एका घरात असा खरवडलेला तुकडा मला पाहायला मिळाला. त्याच्या कडेला एकाखाली एक कितीतरी रंगांच्या पट्ट्या दिसत होत्या, आणि अगदी खाली, चुन्याला लागून, गेरूने काढलेल्या वेलीची दोन पाने शाबूत होती. ती कुणाच्या हातची हे त्या घरात कुणालाच सांगता आले नाही.

म्हणून वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या गावच्या घरी गणपतीमागची भिंत रंगवलेली असेल तर यंदा ती खरवडण्याआधी किंवा तिच्यावर पुट्टी फासण्याआधी दिवसाच्या उजेडात तिचे छायाचित्र काढा. शक्य असल्यास कोपऱ्यातला थोडा भाग ओल्या फडक्याने नव्हे तर बोथट सुरीने, हलक्या हाताने, एकेक थर उतरवून पाहा, कारण चुन्यातला रंग टिकतो, पण वरचा डिस्टेंपर पाणी लागताच ओघळून खालच्या रंगावर पसरतो. ज्यांना भिंत पुन्हा चुन्याने करून घ्यायची असेल त्यांनी वैशाखातच सांगावे, म्हणजे कळीचा चुना विझवून चतुर्थीपर्यंत पुरेसा मुरवता येईल. भिंतीत ओल येत असेल तर तेही सांगावे आणि घराभोवती काय आहे ते सांगावे: व्हाळ, माड, शेताचा बांध, देवराई. विषय आपण तिथे बसून ठरवू.